मोडा मोडणारा नानाजी

जांभूळबोडीच्या नानाजी गुरनुल्याला रिकामा बसलेला पाहिलाय, असं छातीठोक सांगणारा माणूस सावली तालुक्यात सापडायचा नाही. नावातल्या 'जी'वरून कोणी त्याला साधुपुरुष समजू नये. आमच्या झाडीपट्टीत पोरगं पाळण्यात पडलं की त्याच दिवशी नानाजी, दादाजी असं तयार म्हातारं नाव ठेवून मोकळे होतात, पुढे वय झाल्यावर बदलायची कटकट नको. नानाजी जातीचा माळी, धंद्याने सुतार, आणि जोडीला धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं. साठी कधीच ओलांडली, केस गेले, दात गेले, पण हातांची शिवशिव काही गेली नाही.

स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पायाखालचा पाट डुगडुगतोय हे त्याला कळलं. झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी समोर हार घेऊन उभी आणि नवरदेव गायब. तो खाली वाकून पाटाला पाचर ठोकत होता. सासरा वारला तेव्हा तिरडीचा बांबू नीट तासलेला नाही म्हणून त्याने सगळी मंडळी खोळंबवून ठेवली. मेलेल्याला काय टोचणार होतं, देव जाणे. एसटीत बसला की समोरच्या सीटचे ढिले स्क्रू नाण्याने आवळत नागभीडपर्यंत जायचा, आणि कंडक्टर त्याला तिकीट मागायला लाजायचा. न्हाव्याच्या खुर्चीवर अर्धी दाढी झाली असताना उठून त्याने त्या खुर्चीचाच पाय बसवला होता. उरलेली अर्धी दाढी दुसऱ्या दिवशी झाली.

हे वेड त्याला लागलं ते मिशनच्या सुतारशाळेत. वैनगंगेपलीकडे कुठल्याशा मिशनची एक शाळा होती आणि तिथे एक म्हातारे गोरे साहेब स्वतः रंधा मारायचे. नानाजी मिसरूड फुटायच्या वयात तिथे लागला. साहेब म्हणायचे, देवाने आपल्याला दिवस खडबडीत दिलेला असतो, तो त्याला परत करताना रंधा मारून गुळगुळीत करून द्यावा. रिकामा गेलेला तास म्हणजे देवाच्या घरातली चोरी. नानाजीने साहेबांचा येशू काही घेतला नाही, घरी मारुती होता, तो पुरेसा होता. पण ही चोरीची गोष्ट मात्र त्याच्या हाडांत शिरली. गंमत अशी की तेच साहेब रविवारी हत्याराला बोट लावत नसत. काळा कोट घालून दिवसभर खुर्चीत बसून राहत. नानाजीला हे कधी कळलंच नाही, कारण रविवारी तो गावी येऊन स्वतःच्या बांधीत राबत असे. साहेबांच्या धर्मातले सहा दिवस त्याने उचलले, सातवा साहेबांकडेच राहिला.

त्याची बायको रुखमाबाई हसरी, ठेंगणी, बोलायला फटकळ. "माह्या नवऱ्यानं मले कधी तरास नाई देल्ला," ती शेजारणींना सांगायची. "द्यायले त्याले टाईमच नाई भेटला."

वेड वाया गेलं नाही, मुलाकडे उतरलं. प्रफुल पुण्याला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. यंदा तो रोवण्यासाठी सुट्टी घेऊन गावी आला, पण लॅपटॉप बरोबर. गुरांच्या कोठ्यात उभ्या असलेल्या बैलबंडीवर बसलं की नेट येतं हे त्याला पहिल्या दिवशीच सापडलं, आणि तेव्हापासून त्याने बैलांच्या सहवासात ऑफिस थाटलं. त्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं. माणूस जरा टेकला की ते थरथरायचं आणि उठून चालायला सांगायचं. नानाजीला ते घड्याळ फार आवडलं. त्याला त्यात साहेब दिसले.

आता मोडा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुण्यामुंबईचा वाचक म्हणेल काय मोडलं. मोडा म्हणजे शेतकामाची सुट्टी, पण सरकारी सुट्टीसारखी मिळमिळीत नाही. जांभूळबोडीत आखाडात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायजोगी झाली की मातामायची पूजा होते आणि अख्खं गाव एक दिवस मोडा पाळतं. उजाडल्यापासून गाई परत येईपर्यंत कोणी कामाला हात लावायचा नाही. मातीने वर्षभर सोसायचं असतं, तिला एक दिवस निवांत द्यायचा, असं भूमक सांगतो. भूमक म्हणजे गावदेवीचा पुजारी, सुकलू आत्राम. मोडा नीट पार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलू पहिली जुडी रोवतो, मग गाव रोवतं. मोडा मोडला तर रोवणा, म्हणजे लावणी, लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडा.

तुम्ही विचाराल, मग इतकी वर्षं नानाजीचं कसं भागलं? त्याने पळवाट काढली होती. मोडा गावाच्या शिवेच्या आतच चालतो. त्यामुळे दरवर्षी मोड्याच्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने नागभीडला बहिणीकडे जायचा आणि दिवसभर तिची दारं, खिडक्या, माळा, बाज, जे दिसेल ते दुरुस्त करून गाई परतायच्या वेळेला गावी यायचा. यंदा बहीण लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेली. घराला कुलूप. नानाजी आयुष्यात पहिल्यांदा मोड्याला गावात अडकला.

सकाळचा वेळ त्याने दाराशी येरझाऱ्या घालत काढला. गाव चिडीचूप होतं. ना ट्रॅक्टर, ना कुऱ्हाड. आणि त्या शांततेत, ऊन जरा वर आल्यावर, गुरनुल्यांच्या कोठ्यातून आवाज आला, ठक ठक ठक.

सुकलू जाऊन बघतो तर नानाजी फावड्याच्या दांड्यात खिळा ठोकत होता.

"नानाजीभाऊ, काय करून राह्यला?"

"काई नाई जी, दांडा ढिला होता. मी म्हटलं, आता काम नाई तं निदान हे करून टाकू."

सुकलूने कपाळाला हात लावला. "मोडा मोडला, भाऊ."

झाडू नावाच्या कोतवालाने गावात दवंडी दिली की मोडा मोडला, उद्या पुन्हा. गावाने नानाजीची पोटभर टिंगल केली आणि आनंदाने कुशी बदलली. फुकटची सुट्टी कोणाला नको असते?

दुसऱ्या दिवशी मात्र गावाने खबरदारी घेतली. मातामायच्या निंबाखाली एक बाज टाकली, नानाजीला त्यावर बसवलं आणि आजूबाजूला चारसहा माणसं बसली, नजर ठेवायला. कोठ्यातला हातोडा झाडूने स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. सगळं ठीक चाललं होतं. गप्पा झाल्या, खर्रा चघळून झाला, त्यांतला डोमा घोरायला लागला. ऊन कलल्यावर सुकलू आला आणि बघतच राहिला. सकाळी ती बाज झोळीसारखी लोंबत होती. आता ती ढोलकीसारखी ताठ झाली होती. बसल्याबसल्या नानाजीच्या बोटांनी एकेक दोरी ओढत, गाठ सरकवत, अख्खी बाज आवळून काढली होती. नजर ठेवणाऱ्यांना वाटलं, म्हातारा जप करतोय.

"मी नाई केलं," नानाजी कळवळून म्हणाला. "हातानं केलं."

"हात कोनाचे?" सुकलूने विचारलं.

पुन्हा दवंडी. या वेळी कोणी हसलं नाही. पऱ्ह्यांना वय असतं. ती जुनी झाली की बांधीत लावूनही फुटवे धरत नाहीत. चिखलणीचे ट्रॅक्टर ठरलेले, चामोर्शीकडून रोवणाऱ्या बाया यायच्या होत्या, त्या दुसरीकडे गेल्या तर गावाने काय करावं? नानाजी रस्त्याने जाताना बाया दाराआड होऊ लागल्या. डोमा, जो वर्षाचे बारा महिने आळशी म्हणून ओळखला जातो, तो नानाजीला तोंडावर म्हणाला, "भाऊ, तुह्या कामापायी गावाचं काम खोळंबलं नं बे!"

हे नानाजीला फार लागलं. उभ्या आयुष्यात त्याच्यामुळे कोणाचं काम अडलं नव्हतं. गावात 'कामाचा माणूस' म्हणून त्याचं नाव होतं आणि त्याची सगळी इस्टेट म्हणजे तेवढं नाव. आता तेच डोमासारख्याच्या तोंडी मातीला मिळत होतं. रात्री तो जेवला नाही, म्हणजे उभ्याउभ्याही जेवला नाही.

प्रफुलला बापाची दया आली. "बाबा, तुमाले बसता येत नाई, कारण तुमाले बसाचं टार्गेट नाई," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत आराम कराचं बी ट्रेनिंग असते. तुमी मोड्याचे सुपरवायझर व्हा. सगळ्यायचा आराम तुमच्या जिम्म्यावर."

नानाजीचे डोळे चमकले. सुकलूला विचारलं तर तो म्हणाला, बघ बाप्पा, नुसतं फिरलं-बोललं तर मोडा मोडत नाही.

तिसऱ्या मोड्याला गावाने जे भोगलं ते विचारू नका. उजाडताच नानाजी घरोघरी हजर. "डोमा, असा वाकडा काऊन झोपला? पाठ सरळ ठेव, तसा आराम अर्धाच लागते." झाडू झाडाला टेकला होता, त्याला उठवून दुसऱ्या झाडाखाली नेलं, कारण तिथे सावली जास्त वेळ टिकणार होती. पत्ते खेळणाऱ्यांचे पत्ते काढून घेतले, त्यात डोकं शिणतं म्हणून. दुपारपर्यंत गाव इतकं दमलं की नांगर परवडला असता. पण मोडा मोडला नव्हता. सुकलू स्वतः दोनदा तपासून गेला होता. नानाजी मिशीत हसत होता, म्हणजे मिशी असती तर हसला असता.

ऊन उतरता उतरता सुकलू कोठ्यात डोकावला. बंडीवर प्रफुल मांडी घालून खटाखट बोटं चालवत होता.

"हे काय आहे, बाबू?"

इथे प्रफुलला सुटायला वाव होता. सुकलूने स्वतःच वाट करून दिली. तो म्हणाला, याले पातं नाई, दांडा नाई, धार नाई. हे काई हत्यार नोहे. बसल्याबसल्या पोरगं खेळून राह्यलं असन. नानाजीने मागून मान डोलावून डोलावून मुलाला खुणावलं, हो म्हण, हो म्हण.

पण पोरगा कोणाचा! प्रफुलचा चेहरा लाल झाला. "खेळून नाई राह्यलो, सुकलूकाका. सकाळपासून काम करून राह्यलो. एक मिनिट उसंत नाई."

"हे काम आहे?"

"काम नाई तं काय! मी घंटाभर थांबलो का फोनवर फोन येते, चार जण बोंबलत येते, झालं का, झालं का. मंग हे काम नाई?"

सुकलू निरक्षर, पण न्यायाचा पक्का. त्याने दाढी खाजवली, विचार केला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुहं. जे थांबवलं का कोनीतरी बोंबलत येते, ते काम. पातं असो का नसो. आजपासून हाच नेम." मग नानाजीकडे वळून हळूच म्हणाला, "मोडा मोडला, भाऊ."

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. नानाजीला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याची छाती थोडी फुगली. मरण पत्करलं, पण केलेल्या कामाला खेळ म्हणवून घेतलं नाही पोराने! मग भानावर येऊन त्याने प्रफुलचा लॅपटॉप काढून घेतला आणि घड्याळासकट धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, पुरला. ढोलीतून संध्याकाळपर्यंत थरथर ऐकू येत होती.

आता पुढच्या दिवशी काहीही करून मोडा पार पडायलाच हवा होता. चामोर्शीच्या बायांनी निरोप धाडला होता की उद्यापरवा बोलावलं नाही तर आम्ही चाललो. झाडू दोरखंड घेऊन आला, म्हणाला, म्हाताऱ्याला बांधूनच टाकू. नानाजीनेही निमूट हात पुढे केले. पण झाडूने गाठ मारली आणि नानाजी कळवळला. "अशी नाई जी, ही सुटते. आधी खालून घे, मंग..." झाडूने दोर फेकला आणि निघून गेला.

शेवटी रुखमाबाईनेच तोड काढली. चुलीपाशी बसल्याबसल्या ती म्हणाली, "हातावर बसा."

नानाजी आपल्याच अंगणात, ओट्यावर, दोन्ही तळहातांवर बसला. शिक्षा झालेल्या पोरासारखा. सुरुवातीला हातांना मुंग्या आल्या, मग ते बधिर झाले, मग ते आपले आहेत हेच तो विसरला. आणि हात गेल्यावर त्याला कळलं की माणसाला डोळेही असतात. इतकी वर्षं ते फक्त हाताच्या मागेमागे, खिळ्याच्या टोकाला आणि रंध्याच्या पात्याला चिकटून फिरत होते. आता त्यांना धंदा नव्हता. ते अंगणभर हिंडू लागले.

अंगणात बघण्यासारखं एकच होतं. रुखमाबाई.

तिने अंगण झाडलं. शेण उचललं. दोन घागरी आणल्या, एक प्रफुलच्या आंघोळीची, एक प्यायची. चूल पेटवली. भात टाकला. भात शिजेतोवर भाजी चिरली, भाजी शिजेतोवर भांडी घासली, भांडी निथळेतोवर धुणं. नानाजी आधी सहज बघत होता. मग सुतार जसा दुसऱ्या सुताराचं काम बघतो तसा, जरा जळून, बघू लागला. ही कुठे तरी चुकेल, कुठे तरी टेकेल. ती टेकली. पण मांडीवर सूप घेऊन, तांदूळ निवडायला. पुन्हा टेकली, प्रफुलच्या शर्टाचं बटण लावायला. आजवर नानाजीला वाटत होतं की या घरात कामाचा माणूस एकच आहे. चाळीस वर्षं शर्यतीत पहिला आलो म्हणून मिरवावं आणि मग समजावं की पुढे एक जण आहे, आणि तो केव्हाचा पुढे आहे, तसं काहीसं त्याचं झालं.

दुपार टळली. रुखमाबाई पायातला काटा बघायला ओट्याच्या कडेला टेकली. हातात काहीच नव्हतं. नानाजीने सुटकेचा श्वास घेतला. चला, निदान एकदा.

"आई, चहा!" आतून प्रफुल.

"रुखमाबाई, विरजण देता का वो?" कुंपणावरून शेजारीण.

बकरी ओरडली. वासरू ओरडलं. आणि ओट्यावरून, सवयीने, स्वतः नानाजीच्या तोंडून निघालं, "पाणी आण नं जी."

बोलला आणि त्याला सुकलूचा नेम आठवला. जे थांबवलं का कोणीतरी बोंबलत येते. इथे तर चारही दिशांनी बोंबलत आले होते, आणि त्यांतला एक तो स्वतः होता.

रुखमाबाईने काटा तसाच ठेवला आणि पाणी आणलं. हात त्याच्या अंगाखाली होते, म्हणून तिने तांब्या त्याच्या तोंडाला लावला. नानाजी प्याला, पण ते पाणी काही गोड लागलं नाही.

ऊन पिवळं झालं. गुरांच्या आखराच्या दिशेला धूळ उठली होती, गाई निघाल्या होत्या. सुकलू फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे झाडू, डोमा, सगळं गाव. सगळ्यांची नजर नानाजीच्या मांड्यांखाली गेलेल्या हातांवर. आणखी थोडा वेळ. गाईंच्या घंटा ऐकू आल्या की मोडा पुरा, उद्या रोवणा, आणि नानाजीचं नाव धुऊन लख्ख. डोमा तर आधीच हसत होता.

नुसतं गप्प बसायचं होतं. आणि त्याला तेवढंच जमेना. वाकडा सांधा दिसला की मालकाने पैसे मोजले असले तरी नानाजी तो उखडायचा, त्याला त्याचा इलाज नव्हता. तो उभा राहिला. हात दोन मेलेल्या कोंबड्यांसारखे लोंबत होते.

"सुकलूभाऊ, मोडा मोडला."

"कोनं मोडला?" सुकलू हादरला. "तू तं बसून होता!"

"माह्या बायकोनं. सकाळपासून मोडून राह्यली. थांबली का बोंबलत जातो आम्ही. मीबी गेलो. मंग हे काम नाई तं काय?"

डोमाचं हसू तोंडातच राहिलं. "अबे, बायाचं काय धरते!" तो म्हणाला. "ते तं रोजचंच आहे!"

सुकलूची नजर गर्दीच्या टोकाला गेली होती. तिथे त्याची स्वतःची बायको बुधरी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उभी होती. मोड्याच्या दिवशी चूल कशाने पेटते हे भूमकाने आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि ते त्याला आत्ता, सगळ्या गावासमोर, सुचलं.

"असं असन तं," तो शेवटी सावकाश म्हणाला, "आमच्या बापजाद्यापासून एकबी मोडा पुरा नाई झाला."

बुधरीने मोळी धाडकन खाली टाकली. "तं उद्या करू पुरा," ती म्हणाली. "रांधून ठेवा आजच. तुमी."

त्या संध्याकाळी जांभूळबोडीच्या पुरुषांनी जे रांधलं त्याला अन्न म्हणायचं की नाही यावर अजून एकमत नाही. सुकलूचा भात खालून कोळसा आणि वरून तांदूळ होता. झाडूने वरणात हळद समजून दुसरंच काही टाकलं, काय ते त्याने कधीच सांगितलं नाही. प्रफुलने फोनवर बघून पोळ्या केल्या, त्या खायच्या की छपराला लावायच्या यावर बापलेकांत बोलाचाली झाली. नानाजीने कांदे कापले, सगळे एका मापाचे, आणि रुखमाबाईला दाखवायला नेले. ती म्हणाली, चांगले आहेत, पण अजून कच्चेच आहेत नं जी.

आणि पाचव्या दिवशी खरा मोडा लागला. चामोर्शीच्या बायांना झाडूने मोटारसायकलवर जाऊन सगळी हकीगत सांगितली. त्या इतक्या हसल्या, म्हणाल्या, असा मोडा असन तं आम्ही आणखी एक दिवस थांबतो.

सकाळपासून बाया निंबाखाली आल्या. आधी त्यांना सुचेना बसावं कसं. कोणी पदराची दशी विणत होती, कोणी दुसरीच्या डोक्यात उवा बघत होती, सुकलूने हात जोडून त्यांना थांबवलं. मग हळूहळू गप्पा सुरू झाल्या, मग त्याही विरल्या. रुखमाबाई म्हणाली, जरा पाठ टेकते. नानाजीनेच आवळलेली ती बाज तिथे होती. ती आडवी झाली आणि झोपली. अशी झोपली की भाताची वेळ झाली, टळली, ऊन फिरलं, तरी जागी झाली नाही. कोळशाचा भात सगळ्यांनी निमूट खाल्ला आणि तिच्या वाट्याचा झाकून ठेवला. तिला उठवायची कोणाची छाती झाली नाही.

नानाजी बाजेशेजारी मातीत बसला होता. झोपलेल्या बायकोचा चेहरा इतका वेळ बघायचा त्याला सराव नव्हता. तो दिसायला असा आहे हे त्याला नवीनच होतं. कपाळावर चुलीचा एक जुना डाग होता, तो कधी पडला हे त्याला आठवेना, आणि याचं त्याला फार वाईट वाटलं. तेवढ्यात तिच्या नाकावर माशी बसली.

नानाजीने खांद्यावरचा दुपट्टा उचलला आणि हात हवेतच थांबला. इतक्या मुश्किलीने लागलेला मोडा, आणि हे काम ठरलं तर? माशी ओठावर आली. त्याने हातवारे करून सुकलूला जवळ बोलावलं.

"भाऊ," तो कुजबुजला, "दुपट्ट्यानं माशी वारली तं चालते का?"

सुकलू उकिडवा बसला. त्याने माशीकडे बघितलं, रुखमाबाईकडे बघितलं, आणि पलीकडे तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या बुधरीकडे बघितलं. "तू वारली नाई," त्याने विचारलं, "तं कोनी बोंबलत येईन का?"

"नाई. तिले तं मालूमबी नाई."

"कोनी सांगतलं तुले?"

"कोनी नाई."

"मंग हे काम नोहे, भाऊ. वार." आणि सुकलू उठला, आपला दुपट्टा सोडला आणि बुधरीकडे गेला.

नानाजी गाई परतेपर्यंत माश्या वारत बसला. त्यातून काही तयार झालं नाही, काही सरळ झालं नाही, काही आवळलं गेलं नाही. घंटा वाजल्या, धूळ आली, गावाने एकच गलका केला, झाडू नाचला. त्या गोंगाटाने रुखमाबाईने डोळे उघडले. वर निंब, बाजूला दुपट्टा हलवणारा नवरा.

"काय करून राह्यले जी?" तिने विचारलं.

या प्रश्नाला जन्मभर नानाजीकडे उत्तर तयार असे. दांडा बसवतो, पाय जोडतो, धार लावतो.

"काई नाई," तो म्हणाला.

रुखमाबाईने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, ताप तर आला नाही ना म्हणून. "गाई आल्या का?"

"आल्या."

"मंग चहा ठेवा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.